वसंताचं तेलपाणी

पाचपावलीच्या वस्तीत वाढलेल्या, आज विशी-पंचविशीत असलेल्या कोणाही पोराच्या डोक्यावरून हात फिरवून पाहा. डोकं नारळासारखं गोल लागलं, तर समजायचं की याला यमुताईनं न्हाऊ घातलं आहे. मागून चपटं लागलं, तर याच्या आजीनं चार पैसे वाचवायला दुसरी बाई लावली होती. हे यमुताई स्वतः सांगायची, आणि त्या आजीच्या तोंडावर सांगायची. बाईचा स्वभावच तसा. जीभ तिखट, हात मऊ, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री नखशिखांत भरलेली.

सकाळी मिलचा सातचा भोंगा झाला की ती पहिल्या बाळंतिणीच्या दारात उभी असायची. तेल कोणतं घेऊ, पाणी किती कढत हवं, लेकराला सर्दी आहे तर आज न्हाऊ घालू की नको, असलं काही ती कोणाला विचारत नसे. लेकराच्या आईला तर मुळीच नाही. तिले काय विचारायचं, ती तर कालची पोट्टी, असं म्हणून ती लेकरू ओढून घ्यायची, मोरीत पाय लांब करून बसायची आणि त्याला नडग्यांवर पालथं टाकायची. आया बिचाऱ्या दाराआडून बघत राहायच्या.

यमुताई मूळची कुहीची, तेल्याची लेक. बापाचा घाणा होता, बैल होता, आणि घरात बोलणं सगळं तेलाचंच. लेकरांना तिळाचं, केसांना खोबऱ्याचं, म्हाताऱ्यांच्या सांध्यांना जवसाचं. जवसाच्या तेलावर तर बापाचा फार जीव. बंडीच्या चाकाला तेच, दाराच्या चौकटीला तेच. "जवस सुकलं की लाकडाले कातडी येते," बाप सांगायचा. "मंग पानी शिरत नाही का थंडी शिरत नाही." यमुताईनं शाळा पाहिली नव्हती. बापाचं हे बोलणं हीच तिची शाळा, आणि या जगात असं एकही दुखणं नाही की जे योग्य तेलानं बरं होणार नाही, एवढं ती तिथं शिकली.

एकच दुखणं तेलानं बरं झालं नाही. लग्नाला सात वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नाही. नवरा बळीराम मिलमध्ये बदली कामगार होता. दोष कोणाचा हे कोणी तपासलं नाही. तपासायचं कशाला, बाई समोर उभी होती ना! एकसष्ट साली बळीरामला खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काम लागलं. तो गेला तो तिकडेच राहिला, आणि वर्षाच्या आत त्यानं गोपिका नावाची मुलगी घरात आणली. कुहीचे चार शहाणे जमले, त्यांनी चहा घेतला, माना डोलावल्या. वंश तर चालला पाहिजे, म्हणाले. पाचपावलीची एक खोली यमुताईकडे राहिली, हाच तिचा हिस्सा.

त्रेसष्टच्या माघात हाच बळीराम दारात येऊन उभा राहिला. गोपिका बाळंत झाली होती. तिला ताप होता, लेकरू दूध ओढत नव्हतं, आणि खापरखेड्यात धड बाई मिळेना. तुझ्यासारखा हात नाही कोणाचा, असं मान खाली घालून म्हणाला. लाज नावाची गोष्ट माणसाला किती थोडी पुरते बघा.

यमुताई गेली. शेजारची पार्वतीबाई, जिला जगाच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय जेवण जात नसे, तिनं विचारलं, काहून चालली वं, सवतीच्या घरी? यमुताईनं उत्तर दिलं की लेकराचा काय गुन्हा. हे खरंच होतं. पण त्याच्या पोटात दुसरंही एक खरं होतं, की बळीरामचं मूल एकदा तरी आपल्या हातात घ्यावं, ही तिची इतक्या वर्षांची भूक होती. सव्वा महिना ती तिथं राबली. गोपिकेला शेक दिला, धुरी दिली, पोटाला पट्टा बांधला. पोराचं डोकं असं घडवलं की कुंभारानं बघत राहावं. गोपिका उठून हिंडू लागली, पोरगा गुटगुटीत झाला, आणि त्या दिवशी बळीरामला आठवलं की यमुताईला परत जायचं आहे. गरज सरो, वैद्य मरो.

निघायच्या दिवशी लुगडं दिलं त्यांनी, नाही असं नाही. शिवाय बळीरामनं दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या ओंजळीत ठेवलं. वीजकेंद्राच्या वसाहतीच्या रस्त्यासाठी जुनं झाड पाडलं होतं, त्याच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं सापडली. दोन मेली होती. तिसरं हे. अंगावर एक पीस नाही, डोळे मिटलेले, कातडं इतकं पातळ की आतलं सगळं दिसावं.

"घे," बळीराम हसत म्हणाला. "तुले बी एक लेकरू."

गोपिकाही हसली, तोंडाला पदर लावून. यमुताई हसली नाही आणि रडलीही नाही. तिनं ते पिल्लू चोळीच्या उबेला ठेवलं आणि एस.टी.त जाऊन बसली. दुसरी बाई असती तर तिथंच ते उकिरड्यावर फेकून आली असती आणि कोणी तिला बोल लावला नसता.

ते पिल्लू जगलं. भिजलेली चण्याची डाळ वाटून ती बोटानं त्याच्या चोचीत भरायची. दोन आठवड्यांनी अंगावर काटे फुटले, सायाळीसारखे. प्रत्येक काट्याच्या आत हिरवं पीस गुंडाळलेलं. पिलाची आई हे काटे चोचीनं सोलते. इथं आई नव्हती, म्हणून यमुताई एकेक काटा चिमटीत धरून हलके चोळायची, पांढरा भुगा झडायचा आणि आतून पीस उलगडायचं. रोज दुपारी हेच काम. त्याला तेल मात्र तिनं लावलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिचा हात तेलाच्या वाटीकडे जाऊन परत आला, इतकं ते कातडं नाजूक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं हीच तिच्या मनात सलली.

नाव ठेवलं वसंता. पोरगा झाला असता तर त्याचं जे नाव ठेवायचं होतं, ते. लोक पोपटाचे पर कातरतात. यमुताईनं कधी कातरले नाहीत. पिंजरा उघडाच असायचा. वसंता पिंजऱ्यातून निघायचा तो तिच्या खांद्यावर यायचा, खांद्यावरून चुलीपाशी, तिथून खिडकीत, आणि अंधार पडायच्या आत पुन्हा आत. दिवसातले दोन तास त्याचे पिसांत जायचे. शेपटीच्या मुळाशी चोच घासायची, मग एकेक पीस चोचीतून ओढून नीट लावायचं. यमुताई कौतुकानं बघायची आणि म्हणायची, नवरदेवाले एवढा वेळ नाही लागत. तिसऱ्या वर्षी त्याच्या गळ्यात गुलाबी-काळी कंठी उमटली, म्हणजे नर आहे हे ठरलं, तेव्हा तिनं आळीत गूळ-फुटाणे वाटले. लोकांनी ते खाल्ले आणि पाठ फिरल्यावर हसले.

वसंता चार वर्षांचा झाला त्या साली खापरखेड्याहून बळीराम बायको-पोराला घेऊन इतवारीत लग्नाचा बस्ता बांधायला आला होता. बाजारात गाठ पडली. पोरगा चार वर्षांचा, डोकं गोल. यमुताईनं हात पुढं केला. मोठी आई म्हणेल, एवढीच अपेक्षा. आपल्याकडे म्हणतातच की. पोरगा गोपिकेला बिलगला आणि विचारू लागला, हे कोन? गोपिका म्हणाली, "मालीशवाली बाई हाय बेटा. पाया पड."

बळीराम कापडाचे भाव बघत होता. पोरगा पाया पडला. यमुताईनं त्याला संत्रं दिलं आणि घरी आली. त्या संध्याकाळपासून पार्वतीबाईला भिंतीपलीकडून रोज एकच आवाज ऐकू यायचा. आई म्हण. आई. आई म्हण रे वसंता. महिना गेला, दोन गेले. आणि एक दिवस दुसरा आवाज आला, चिरका, नाकातून निघालेला, पण स्पष्ट. "आई."

आपोआप शिकला, असं यमुताईनं सगळ्यांना सांगितलं. बाया म्हणाल्या, हो ना, आपोआपच. तोंडावर कोण बोलणार? पण त्या शब्दानं ती बाई बदलली. संध्याकाळी कुलूप काढताना आतून 'आई' आलं की ती 'आली रे आली' म्हणायची, आणि तेवढा एक क्षण तिच्या आवाजातला तिखटपणा जायचा. जगात तिला या नावानं हाक मारणारा एकच जीव होता, आणि त्याला तिनंच शिकवलं होतं. हे तिलाही माहीत होतं हो. तहानलेला माणूस माठ कोणी भरला ते विचारत नाही.

मग तिनं एक रीत काढली. वसंताची झडलेली पिसं ती जपून ठेवायची, आणि ज्या लेकराला न्हाऊ घातलं असेल त्याच्या बारशाला शेपटीचं एक लांब हिरवं पीस पाळण्याला बांधायची. लेकरू लवकर बोलते आन् बोबडं बोलत नाही, असं सांगायची. दोन-चार पोरं खरंच लवकर बोलली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, दुसरं काय. पण लोकांना खरं वाटलं. यमुताईचं पीस बांधल्याशिवाय पाळणा हालेना.

एकदा एका मोठ्या घरचं बारसं आलं आणि जवळ झडलेलं पीस नव्हतं. यमुताईनं वसंताला धरलं आणि शेपटीतलं नुकतं फुटलेलं एक पीस उपटलं. तो किंचाळला. मुळातून रक्ताची धार लागली, थांबेना. यमुताई त्याला पदरात घेऊन भैय्याजींकडे पळाली. भैय्याजी म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर राहिलेला म्हातारा, चार घरं सोडून राहायचा, एकटा. त्यानं तुरटीची पूड दाबून धरली, रक्त थांबलं. मग समजावून सांगितलं की नवीन पीस कच्चं असतं, त्याच्या नळीत रक्त खेळतं, ते जिवंत असतं. पिकून तयार झालं की रक्त मागं फिरतं, मगच ते केसासारखं कोरडं होतं. कच्च्याला हात लावायचा नाही. यमुताईनं कान पकडले. पुन्हा कधी पीस उपटलं नाही. पण भैय्याजीचा तिला थोडा रागच आला. आपल्या लेकराबद्दल परक्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे कोणत्या आईला आवडतं?

चौऱ्याहत्तर साल लागलं. वसंताची पिसं दरवर्षी पावसाळा उतरताना झडायची, पण शिस्तीत. डावीकडचं एक, उजवीकडचं एक, की उडायला अडचण नको. त्या वर्षी पावसाळा गेला, दिवाळी गेली, काही नाही. आणि मग ऐन थंडीत, मार्गशीर्षात, एकदम सगळं सुटलं. पिंजऱ्याच्या तळाला रोज हिरवा सडा. आधी यमुताई खूश झाली, दहा बारशांची सोय झाली म्हणाली. आठ दिवसांत छाती उघडी पडली, मग पाठ. मान कोंबडीच्या सोललेल्या मानेसारखी दिसू लागली. खांद्यावर यायला निघाला तर मधेच खाली आपटला. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून एका कोपऱ्यात बसायचा आणि थरथरायचा.

आणि तो बोलेनासा झाला. संध्याकाळी ती कुलूप काढायची, थोडी थांबायची, आतून काही यायचं नाही. आई म्हण, आई म्हण, असं ती पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसली. तो नुसता बघायचा. पिसं गेली त्याचं तिला एवढं नव्हतं. पिसांबरोबर तो शब्द गेला होता, आणि पिसं आली तरच तो येईल, एवढं तिनं मनाशी धरलं.

त्याच दिवसांत पार्वतीबाईची मुलगी प्रेमिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. न्हाऊ घालायला यमुताईच जात होती. लेकरू पाच दिवसांचं झालं तेव्हा पार्वतीबाई काही मागायला म्हणून यमुताईच्या खोलीत आली, तिनं वसंताला पाहिलं आणि उंबऱ्यातूनच मागं फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुताई तेलाची वाटी घेऊन गेली तर पार्वतीबाई दारात आडवी उभी.

"आजपासून नको येत जाऊ," ती म्हणाली. "ज्या घरचा पक्षी नागवा होते, त्या घरचा हात लेकराले नको."

वीस वर्षांची शेजारीण. तिच्या चारही पोरांची डोकी यमुताईनं घडवलेली. आत प्रेमिला होती, तिनं सगळं ऐकलं. यमुताईनं वाटी पदराआड घेतली आणि परत आली.

तिनं पिंजरा उचलला आणि भैय्याजीकडे नेला. म्हाताऱ्यानं वसंताला उजेडात धरलं, पंख ताणून पाहिला, कातडीवर फुंकर मारली, आणि काळजीचं काही नाही म्हणाला. नुसती चण्याची डाळ आणि मिरची खाऊन खाऊन अंगात सत्त्व राहिलं नाही, म्हणून झड उशिरा आली आणि एकदम आली. बाजरी द्या, पालक द्या, पेरू द्या. सकाळचं ऊन द्या. पिंजऱ्याला तीन बाजूंनी पोतं बांधा, वारा लागू देऊ नका. पीस म्हणजे याची रजई आहे, पिसांत हवा कोंडून राहते ती याला ऊब देते, आता रजई नाही म्हणून कापतो. बोलत नाही कारण सगळी ताकद पिसं बनवण्यात चालली आहे. महिनाभरात भरून येईल.

इथवर ठीक होतं. यमुताईनं विचारलं, कोणतं तेल लावू?

"बाई, तेल बिलकूल नाही," भैय्याजी म्हणाला. "शेपटीच्या मुळाशी पाहा, देवानं याले याची कुपी देऊन ठेवली हाय. तो चोचीनं घेते आन् लावते. बाहेरचं तेल याले जहर."

झालं. तेल्याच्या लेकीला सांगतो, तेल जहर! कुहीपासून खापरखेड्यापर्यंत जिच्या तेलाच्या हातानं मरतुकडी पोरं उभी राहिली, तिला हा गुरांचा कंपाउंडर शिकवणार. ज्यानं जन्मात एक लेकरू न्हाऊ घातलं नाही, त्याला अंगाची काय माहिती? पालक घेतला तिनं, बाजरी घेतली, पोतंही बांधलं. पण परत येताना तिच्या डोक्यात भैय्याजीचं नव्हतं, बापाचं बोलणं होतं. जवस सुकलं की कातडी येते. मंग थंडी शिरत नाही.

आणि तो जुना सल. सगळ्या गावच्या लेकरांना तेल लावलं, याला लावायच्या वयात हात आखडता घेतला. म्हणून हा कच्चा राहिला. आपलीच चूक. असं तिनं स्वतःला पटवलं आणि एकदा तिला पटलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जवसाचं तेल कोमट केलं, हळद घातली आणि वसंताला नडग्यांवर घेतलं. दोन बोटांनी, लोण्यासारख्या हातानं, मान, छाती, पाठ, पंखांची मुळं, उरलेली पिसंसुद्धा, सगळं चोळलं. तो धडपडला नाही. धडपडायला अंगात काही नव्हतं. तेलानं उरलीसुरली पिसं एकमेकांना चिकटली, त्यांच्यातली हवा गेली आणि आतलं कातडं आणखी उघडं पडलं. तो जास्तच कापू लागला. तेल आत मुरते हाय, असं ती म्हणाली, आणि शेगडी पेटवून पिंजऱ्याजवळ ठेवली. शेकानं तासाभरात त्याचं कापणं कमी झालं. चोचीनं तो पिसं साफ करायला लागला, म्हणजे तेल पोटात घ्यायला लागला. तिला वाटलं, आला माझा राजा ताळ्यावर.

संध्याकाळी शेगडीपाशी बसून ती तांदूळ निवडत होती. मागून आवाज आला. "आई."

बारीक, खरखरीत, एकदाच. पंधरा दिवसांनी. शेगडीच्या उबेनं जीव जरा हुशारला होता म्हणून आलेला तो शब्द. पण तिला कोण सांगणार? सूप तिच्या हातातून पडलं. ती पोरीसारखी रडली, मग उठली, आणि भिंतीपलीकडे पार्वतीबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, कोन म्हणते तेल जहर? आणि त्या आनंदात तिनं तेल पुन्हा कोमट केलं आणि वसंताला दुसरा हात दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी थंडीची लाट होती. हंडीतलं पाणी हात लावू देत नव्हतं. वसंताच्या अंगावर जवस सुकून पिवळट पापुद्रा झाला होता, अगदी बाप म्हणायचा तशी कातडी. शेगडीत निखारे भरून, पोतं नीट ओढून ती कामाला गेली, कारण दोन घरं अजून राहिली होती आणि तीही सुटली तर खायचं काय. दुपारी परतली तेव्हा शेगडी विझली होती. कुलूप काढताना ती थांबली. मग आत गेली. वसंता पिंजऱ्याच्या तळाला कुशीवर पडला होता, पाय आखडलेले. हात लावला तर दगड.

तिनं आरडाओरडा केला नाही. चूल पेटवली, पाणी तापवलं, शिकेकाई आणि डाळीचं पीठ कालवलं. मोरीत पाय लांब करून बसली आणि त्या मेलेल्या जिवाला नडग्यांवर घेऊन न्हाऊ घालू लागली. तेल लावलेल्या लेकराला तसंच कसं ठेवायचं? पार्वतीबाई दाराशी आली होती. तोंडावर पदर धरून बघत राहिली.

तेलाचा पापुद्रा पिठानं थोडा थोडा सुटला. खालचं कातडं दिसू लागलं. आणि यमुताईचा हात थांबला. पाठीवर, छातीवर, पंखांच्या कडेनं रांगेनं काटे फुटले होते. बारीक, टोकाशी हिरवे, नळीत अजून काळसर रक्त. त्रेसष्टच्या फाल्गुनात तिनं चिमटीत धरून सोलले होते तसेच. सगळं अंग भरून आलं होतं. आणखी थोडे दिवस नुसतं हात न लावता बसायचं होतं. तेवढंच तिला जमलं नाही.

संध्याकाळी भैय्याजी आला. त्यानं लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला वसंता पाहिला, हळूच चिंधी उलगडून पंखाला हात लावला, बोट नाकाशी नेलं आणि चिंधी पुन्हा झाकली. मग म्हणाला की थंडी फार पडली आहे बाई, थंडीनं गेला.

"खोटं नका बोलू, भैय्याजी," यमुताई म्हणाली. "मी तेल्याची लेक हाय. वास मलेही येते."

म्हाताऱ्यानंच फावडं घेतलं आणि मागच्या परसात खड्डा खणला. घरातली जपून ठेवलेली पिसं यमुताईनं सगळी त्यात टाकली, एकही ठेवलं नाही. जवसाच्या तेलाची बरणी मात्र तिनं फोडली नाही की फेकली नाही. फळीवर समोरच ठेवली, दिसेल अशी. कोणी विचारलं तर सांगायची, राहू दे, मले पाहायला पाहिजे.

खापरखेड्याला ही बातमी कोणीतरी नेली. बळीराम म्हणाला म्हणे, एवढंच ना, दुसरा आणून देतो. आणला नाही, ते एक बरं केलं.

त्यानंतर यमुताई कामं करत राहिली, पोट होतं ना. पण आळीत लोक म्हणू लागले की तिच्या हातातला जोर गेला. तेल लावताना मधेच थांबते, लेकराच्या अंगाकडे बघत बसते, पाणी पुन्हा पुन्हा कोपरानं चाचपते. घरं सुटत गेली. बोबड्या पोरांच्या आया पिसं मागायला यायच्या, त्यांना ती नाही म्हणून परत पाठवायची.

दोन वर्षांनी प्रेमिला दुसऱ्या खेपेला माहेरी आली. मुलगी झाली. पार्वतीबाईनं लावलेल्या नव्या बाईच्या हाताला लेकरू रडून रडून निळं पडायचं, तेव्हा प्रेमिलानंच आईशी भांडण केलं आणि यमुताईला बोलावणं पाठवलं. यमुताई आली. मोरीत पाय लांब करून बसली, लेकरू नडग्यांवर घेतलं, वाटीतलं तिळाचं तेल ओंजळीत घेतलं, आणि तशीच बसून राहिली. तेल बोटांतून गळून फरशीवर पडत होतं. पार्वतीबाई, प्रेमिला, दोघी दाराशी उभ्या. काय झालं कोणाला कळेना.

मग तिनं मान वर करून प्रेमिलाला विचारलं, लावू का?

प्रेमिला हसली, की ही चेष्टाच असणार. मले काय विचारता यमुताई, म्हणाली, तुमाले मालूम नाही तं कोनाले मालूम?

"मले नाही मालूम, पोरी," यमुताई म्हणाली. "तू आई हायस. तू सांग."